जवसाची बुळबुळ

पेल्यात चमचाभर जवस घ्या, वर कोमट पाणी ओता आणि पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्या. मग पाहा. प्रत्येक तपकिरी दाण्याभोवती पारदर्शक गराचं वेटोळं तयार झालेलं असतं. चमचा वर उचलला की तार सुटते. दाणा बोटांत धरू गेलात तर निसटून जातो. पेला कलंडला तर पाणी सांडत नाही, ओघळतं. उष्णता नाही, घुसळणं नाही, आंबवणं नाही. नुसत्या पाण्याने एवढा बदल.

ही बुळबुळ दाण्याच्या सालीच्या अगदी बाहेरच्या पेशींत कोरडी, घट्ट दाबून साठवलेली असते. रासायनिकदृष्ट्या त्या शर्करेच्या लांबलचक साखळ्या. पाणी लागताच त्या फुगतात, पेशीची भिंत फोडून बाहेर येतात आणि आपल्याभोवती पाणी धरून ठेवतात. रोपाच्या दृष्टीने याचा उपयोग उघड आहे: मातीला चिकटून राहायचं आणि रुजेपर्यंत ओल सोडायची नाही. माणसाच्या रक्तवाहिन्यांशी या गोष्टीचा काही संबंध असेल असं पेल्याकडे पाहून वाटणार नाही. पण तो आहे. तो कसा आहे हे कळलं, की ‘जवस कोलेस्टेरॉल वितळवतं’ या नेहमीच्या वाक्यापेक्षा कितीतरी अचाट गोष्ट हाती लागते. जवस काहीच वितळवत नाही.

त्यासाठी आधी कोलेस्टेरॉलकडे वळावं लागेल. 1815 मध्ये मिशेल यूजीन शेवरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पित्ताशयातल्या खड्यांमधून निघणारा एक पांढरा, मेणचट पदार्थ तपासला. इतर चरब्यांना अल्कलीत उकळलं की साबण होतो, याचा होईना. म्हणजे ही चरबी नव्हे, वेगळंच काहीतरी आहे, असं त्याने दाखवून दिलं आणि त्याला नावही दिलं. हा पदार्थ प्रथम पित्ताच्या खड्यांत सापडावा यात मोठा अर्थ दडला होता, पण तो उलगडायला पुढची दीडशे वर्षं गेली.

कोलेस्टेरॉलच्या रेणूत कार्बनचे 27 अणू असतात, आणि त्याचा गाभा म्हणजे एकमेकांना जोडलेली चार कडी. आपलं शरीर हा रेणू अगदी साध्या, दोन कार्बनच्या तुकड्यांपासून तीसेक पायऱ्यांनी बांधतं. त्या पायऱ्यांचा माग काढल्याबद्दल कॉनराड ब्लॉख आणि फियोडोर ल्युनेन यांना 1964 चं नोबेल मिळालं. पेशींची आवरणं, कित्येक संप्रेरकं, ‘ड’ जीवनसत्त्व, सगळ्याला हा रेणू लागतो. म्हणून शरीर तो आहारातून मिळण्याची वाट पाहत बसत नाही. आपल्याला लागणाऱ्यापैकी बराचसा घरीच करतं. अंड्यातल्या कोलेस्टेरॉलचा रक्तातल्या पातळीवर बहुतेकांमध्ये वाटतो तेवढा परिणाम होत नाही, त्याचं एक कारण हेच.

आता आश्चर्याची गोष्ट. एवढ्या कौशल्याने बांधलेला हा रेणू आपल्याला मोडता येत नाही. साखर आपण जाळतो, चरबी जाळतो, प्रथिनंही जाळतो; त्यांचा शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. कोलेस्टेरॉलची ती चार कडी उघडणारं एकही विकर माणसाच्या शरीरात नाही. मग नको असलेलं कोलेस्टेरॉल बाहेर जाणार कसं? त्याला मोठी वाट एकच: यकृतातून पित्तात आणि पित्तातून आतड्यात. काही कोलेस्टेरॉल जसंच्या तसं पित्तात उतरतं. काहीचं यकृत पित्ताम्ल बनवतं. पित्ताम्लांमुळे पित्ताला साबणासारखा गुण येतो, आणि जेवणातलं तेल-तूप बारीक थेंबांत फुटून पचतं.

वाट आहे खरी, पण शरीर ती जवळजवळ बंदच ठेवतं. पित्ताम्लं करायला महाग पडतात, म्हणून काम झालं की लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ती पुन्हा शोषून घेतली जातात आणि रक्तातून यकृताकडे परत धाडली जातात. सुमारे 95 टक्के परत येतात. तालुक्याच्या आगारात दोनच गाड्या असाव्यात आणि त्यांनीच दिवसभर सगळ्या गावांच्या फेऱ्या माराव्यात, तसा हा कारभार. शरीरात एका वेळी पित्ताम्लं असतात जेमतेम दोन ते चार ग्रॅम, पण ती दिवसातून अनेकदा हा फेरा पुरा करतात. शौचावाटे रोज जातात ती अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, आणि तेवढीच यकृत नव्याने बनवतं.

अन्नाच्या टंचाईत लाखो वर्षं काढलेल्या प्राण्याला ही काटकसर उपयोगी पडली असणार. सुबत्तेत तीच अंगाशी येते.

आता त्या पेल्यातली बुळबुळ आतड्यात उतरू द्या. आपली पाचकद्रव्यं तिला तोडू शकत नाहीत. ती पाणी धरून ठेवते, आतड्यातलं अन्न दाट करते, आणि त्या दाटपणात पित्ताम्लं अडकतात. आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचून परत शोषली जाण्याआधीच त्यातली काही पुढे निघून जातात. परत येणारा साठा घटला, हे यकृताला कळतं. नवीन पित्ताम्लं करणं भाग आहे, आणि त्यासाठी कच्चा माल एकच, कोलेस्टेरॉल. यकृत ते रक्तातून ओढून घेतं.

‘ओढून घेतं’ हे नुसतं बोलायचं म्हणून नाही. टेक्सासमधल्या डॅलसचे मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना 1985 चं नोबेल मिळालं ते या ओढून घेण्याच्या यंत्रणेसाठी. त्यांच्या शोधाची सुरुवात काही लहान मुलांपासून झाली. जन्मतःच कोलेस्टेरॉल प्रचंड असलेली, शाळेच्या वयात हृदयविकाराचा झटका येणारी ही मुलं होती. त्यांच्या पेशींत काय कमी आहे हे शोधताना दोघांना पेशींच्या पृष्ठभागावरचे एलडीएल रिसेप्टर सापडले. एलडीएल म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, ज्यांना आपण ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतो. रिसेप्टर असा एक कण पकडतो, त्याला घेऊन पेशीच्या आत बुडी मारतो, माल सोडतो आणि रिकामा वर येतो. ही एक फेरी साधारण दहा मिनिटांची. वीसेक तासांच्या आयुष्यात एक रिसेप्टर अशा शंभराहून जास्त फेऱ्या करतो. हे वाचताना आपण श्वास घेतोय तेवढ्या वेळातही यकृताच्या प्रत्येक पेशीवर हे चाललेलं आहे! आणि यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडलं, की ते असे रिसेप्टर जास्त संख्येने तयार करतं. त्या मुलांमध्ये नेमके हेच धड नव्हते.

पित्ताम्लं अडवली तर हृदयाला खरोखर फायदा होतो का, याचं उत्तर 1984 मध्ये अमेरिकेतून आलं. कोलेस्टिरामाइन नावाची एक राळ आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवते, रक्तात उतरतही नाही. 3,806 पुरुषांवर सात वर्षांहून अधिक काळ चाललेल्या चाचणीत ती घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे झटके आणि त्यातून होणारे मृत्यू 19 टक्क्यांनी कमी आढळले. म्हणजे वाट बरोबर होती. जवस त्याच वाटेने जातं, फक्त बरंच हळू.

किती हळू, ते स्पष्ट सांगायला हवं. जवसावरच्या 28 चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. अख्ख्या जवसाने, म्हणजे तेल न काढलेल्या, एलडीएलमध्ये झालेली सरासरी घट डेसिलिटरमागे सुमारे 6 मिलिग्रॅम भरली. 150 असेल तर 144. ज्यांची पातळी मुळात जास्त होती त्यांच्यात, आणि स्त्रियांमध्ये, गुण जास्त दिसला. ही घट खरी आहे आणि लहानही आहे. ती लहान आहे हे न सांगता डबे विकले जातात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यामुळे एका खऱ्या गोष्टीवरचा लोकांचा विश्वास उडतो.

त्याच विश्लेषणातली दुसरी नोंद मात्र मला जास्त मोलाची वाटते: जवसाच्या तेलाने कोलेस्टेरॉलमध्ये लक्षात यावी अशी घट झाली नाही. हे तार्किकच आहे. बुळबुळ सालीत असते. तेल गाळलं की ती पेंडीत राहते.

कोपनहेगनमधला याहून बारीक प्रयोग 2012 साली प्रसिद्ध झाला. सतरा तरुणांना सात-सात दिवस जवसाचा तंतुमय भाग दिला, कधी पेयातून, कधी पावातून. दोन्हींत तंतूंचं प्रमाण सारखंच. पेयाने एलडीएल 15 टक्के उतरलं, पावाने 9 टक्के. पेय घेणाऱ्यांच्या शौचातून चरबीही जास्त बाहेर पडली. पदार्थ एकच, मात्रा एकच. तो कोणत्या रूपात पोटात जातो यावर एवढा फरक. पाण्यात मोकळी झालेली बुळबुळ आणि पिठात मळून भट्टीत भाजलेली बुळबुळ सारखं काम करत नाहीत.

तेलाची योग्यता वेगळी. त्यात निम्म्याहून अधिक वाटा अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे वनस्पतींतल्या ओमेगा-3 चा असतो. या आम्लाच्या साखळीत तीन दुहेरी बंध असतात आणि ते हवेतल्या प्राणवायूला धरायला टपलेले असतात. तेलाचे रेणू मग एकमेकांत गुंततात आणि त्याचा चिवट, लवचिक पापुद्रा होतो. युरोपातल्या चित्रकारांनी शतकानुशतकं रंग याच तेलात कालवले, आणि शिवाजी पार्कपासून गल्लीतल्या मैदानापर्यंत पोरं नवी बॅट आणली की तिला हेच तेल चोळत आली आहेत. बॅटीवर जे हवं तेच स्वयंपाकघरात नको असतं: हे तेल आणि जवसाची पूडही लवकर खवट होते. पूड थोडी करावी, झाकणबंद बरणीत, शक्य तर फ्रिजमध्ये ठेवावी आणि तिला खवट वास लागला तर टाकून द्यावी.

दळायचं का, हा प्रश्न इथेच येतो. अख्खा दाणा चावला गेला नाही तर बहुधा जसाच्या तसा बाहेर पडतो. साल इतकी चिवट की आतलं तेल, प्रथिनं, बाकीचे गुण आतच राहतात. म्हणून दळावंच.

विदर्भातल्या घरांना हे सांगावं लागत नाही. पूर्व विदर्भात धान कापणीला येण्याआधी त्याच्या ओलसर बांधीत जवस किंवा लाखोळी फेकून पेरतात. याला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, वेगळं पाणी नाही, धानाने मागे ठेवलेल्या ओलीवर पीक येतं. हिवाळ्यात सकाळी शेत निळं दिसतं, आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळून तेच शेत हिरवं होतं. एक फूल एका सकाळीपुरतंच उमलतं. दाणे निघाले की जवस मंद आचेवर लोखंडी तव्यात भाजायचं, हात थांबवायचा नाही. दाणे तडतडून उडायला लागले की लगेच उतरायचं, नाहीतर कडवट होतं. मग लसूण, जिरं, सुकी मिरची, मीठ घालून खलबत्त्यात कुटायचं. मिक्सरला फिरवताना जास्त फिरवलं तर तेल सुटून लगदा होतो, म्हणून थांबत थांबत. ज्वारीची भाकर, ही चटणी आणि वरून कच्च्या तेलाची धार. भाजण्याचा आणखी एक फायदा: कच्च्या जवसात पोटात गेल्यावर सायनाइड सोडू शकणारी काही द्रव्यं अल्प प्रमाणात असतात, ती भाजल्याने कमी होतात. रोजच्या चमचा-दोन चमच्यांत त्यांची भीती नाही. कच्ची पूड वाटीवाटीने खाण्याच्या भरीस मात्र पडू नये.

पण एकट्या चटणीकडून फार अपेक्षा करू नका. खरी गंमत अनेक छोट्या गोष्टी एका ताटात येतात तेव्हा सुरू होते.

टोरंटो विद्यापीठातल्या डेव्हिड जेन्किन्स यांनी हेच आजमावायचं ठरवलं. एलडीएल थोडंथोडं उतरवणारे पदार्थ सर्वांना माहीत होते, प्रत्येकाचा गुण किरकोळ. ते सगळे एकाच आहारात घातले तर? त्यांनी 46 जणांचे तीन गट केले आणि महिनाभर पाहिलं; निकाल 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या कमी चरबीच्या आहाराने एलडीएल 8 टक्के उतरलं. तोच आहार आणि कोलेस्टेरॉल उतरवणारी लोव्हास्टॅटिनची गोळी घेणाऱ्यांचं 30.9 टक्के. आणि एकत्र पदार्थांच्या आहाराने, गोळीशिवाय, 28.6 टक्के. त्या आहारात होतं काय? बदाम, सोयाबीनचं प्रथिन, वनस्पतिजन्य स्टेरॉल घातलेलं मार्गरीन, आणि बुळबुळीत तंतूंसाठी ओट, जव, इसबगोल, शिवाय भेंडी आणि वांगं. ज्या बुळबुळीमुळे भेंडी नको म्हणून मुलं ताट सारतात, आणि जी जावी म्हणून आपण भेंडी पुसून, चिरून, आमसूल टाकून परततो, ती टोरंटोच्या प्रयोगशाळेत मुद्दाम निवडून घेतली होती.

तो महिना कडक होता. जेवण संशोधकांनीच पुरवलेलं. लोकांना घरी आपल्या हाताने असं खायला सांगितलं तर काय होतं, हे कॅनडाच्या चार शहरांत तपासलं गेलं आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालं. सहा महिन्यांनी घट भरली 13 टक्क्यांच्या आसपास. कमी, पण सल्ला ऐकून घरी गेलेल्या माणसांनी मिळवलेली, म्हणून मला तीच जास्त खरी वाटते.

आपल्याकडे या यादीतलं बहुतेक सारं वाण्याकडे आणि मंडईत मिळतं. इसबगोल तर गुजरातेत पिकतं आणि तिथून जगभर जातं. दिवसाला दहा ग्रॅमच्या आसपास घेतल्यास एलडीएल सुमारे सात टक्के उतरतं, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. मटकी, राजमा, हरभरा, वाल, पेरू, सफरचंद, सगळ्यांत विरघळणारे तंतू आहेत. आणि या सगळ्याबरोबर वनस्पती तूप, पामतेल, लोणी यांच्याबाबत हात आखडता घ्यायलाच हवा, कारण संपृक्त चरबी यकृतावरचे तेच रिसेप्टर कमी करते. एका बाजूने रिसेप्टर वाढवायचे आणि दुसऱ्या बाजूने घटवायचे, यात काही हशील नाही. ट्रान्स फॅटचं प्रमाण आपल्या देशात 2022 पासून तेल-तुपात दोन टक्क्यांवर आणलं गेलं. कढईत पुन:पुन्हा तापवलेलं तेलही टाळलेलंच बरं.

‘गोळी नको, जवस खातो’ असं म्हणणाऱ्यांसाठी कॅनडातल्याच विनिपेगचा अनुभव सांगतो. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या 110 रुग्णांना वर्षभर रोज बेगल, मफिन, पास्ता असे पदार्थ दिले. अर्ध्यांच्या पदार्थांत 30 ग्रॅम दळलेलं जवस होतं, अर्ध्यांच्या नव्हतं. सहा महिन्यांत जवस घेणाऱ्यांचा वरचा रक्तदाब दुसऱ्या गटापेक्षा दहाच्या आसपास अंकांनी खाली होता. आणि जे आधीपासून कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेत होते, त्यांचं एलडीएल जवसाने आणखी उतरलं. अशा गोळ्यांतलं स्टॅटिन यकृतातलं कोलेस्टेरॉलचं उत्पादन रोखतं, बुळबुळ बाहेरची वाट मोकळी करते. दोन्हींचा शेवट रिसेप्टर वाढण्यात होतो, म्हणून ती एकमेकांना पूरक ठरतात. स्टॅटिनही काही आकाशातून पडलेलं नाही. जपानच्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरशा चाळून 1973 मध्ये पहिलं स्टॅटिन मिळवलं, ते तांदळावर वाढलेल्या निळसर बुरशीतून. ज्याला झटका येऊन गेला आहे, ज्याला मधुमेह आहे, किंवा ज्याच्या घराण्यात लहान वयात हृदयविकार होतो, त्याने डॉक्टरांनी दिलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. आनुवंशिक दोष असलेल्या माणसाचे रिसेप्टरच अपुरे असतात. दर अडीचशे-तीनशे माणसांत एकाला हा दोष असतो आणि बहुतेकांना ते ठाऊकही नसतं.

सुरुवात करायची तर चहाच्या चमच्याने करावी आणि दोन आठवड्यांत दोन मोठे चमचे करावेत. एकदम वाढवलं तर पोट फुगतं. पाणी भरपूर हवं, कारण ही बुळबुळ पाण्याशिवाय आतड्यात अडून बसते. इतर औषधं तास-दोन तास आधी किंवा नंतर घ्यावीत, नाहीतर तीही गरात अडकतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा दिवस गेलेले असतील तर आधी डॉक्टरांशी बोलावं. ताकात, दह्यात, वरणात, थालिपीठाच्या भाजणीत, कशातही पूड चालते. कोपनहेगनचा प्रयोग लक्षात घेतला तर ताक अधिक बरं.

आणि सगळ्यांना सारखा गुण येणार नाही, त्याचं एक कारण आपल्या आतड्यातच राहतं. जवसात लिग्नन नावाची द्रव्यं रोजच्या बहुतेक अन्नापेक्षा कितीतरी जास्त असतात, पण ती आहेत तशी फारशी कामाची नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांचं एंटरोलॅक्टोन करतात, आणि तेच रक्तात उतरतं. हे जिवाणू प्रत्येकात वेगळे. प्रतिजैविकांचा एक कोर्स झाला की रक्तातलं एंटरोलॅक्टोन बराच काळ खाली राहिलेलं आढळलं आहे. म्हणून शेजाऱ्याचा आकडा आपल्याला लावू नये. सुरू करण्याआधी लिपिड प्रोफाइल करून घ्यावं आणि सहा ते आठ आठवड्यांनी, शक्यतो त्याच लॅबमधून, पुन्हा.